लवू पालवची खुर्ची

लवू पालव आजारी माणसाला भेटायला कधीच जात नसे. गेला असता तर आजाऱ्याचं उरलंसुरलं अवसान गळालं असतं. आमच्या लालबागच्या रतनबाई चाळीत आणि आजूबाजूच्या चार चाळींत कुणी गेलं की पहिली हाक लवूला. तिरडी बांधायची ती त्यानेच. शिवडीच्या एका गोदामात तो मालाच्या चढउतारीवर मुकादम होता, त्यामुळे दोरी आणि वजन या दोन गोष्टींत त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. वर रडारड चाललेली असायची, गावाहून निघालेल्या भावासाठी थांबायचं की नाही यावर नातेवाईक वाद घालत असायचे, आणि हा खाली चौकात उकिडवा बसून बांबूला सुतळीच्या गाठी मारत असायचा. पैसे घेत नसे. त्या घरचा चहा तर सोडाच, पाणीही घेत नसे. तो त्याचा नेम होता.

त्याची खरी करामत जिन्यावर दिसायची. आमची चाळ तळमजला अधिक तीन. जिना लाकडी, चौपन्न पायऱ्यांचा, आणि दुसऱ्या मजल्यावरचं वळण इतकं अरुंद की तिथून नवीन कपाटसुद्धा वर जात नाही. त्यातच कधीकाळी वीजमीटरांची मोठी पेटी बसवून कुणीतरी उरलीसुरली जागा खाल्ली. लवू त्या वळणावर आला की पायाकडची बाजू कठड्याच्या वर उचलायला लावायचा, सगळी तिरडी क्षणभर जिन्याच्या पोकळीत अधांतरी धरायची, फिरवायची आणि खाली घ्यायची. तिसऱ्या मजल्यावरून चौकात सहा मिनिटं. "मेलेल्या माणसाला चक्कर येत नाय, भाऊ," तो मला म्हणायचा.

मी तेंडोलकर. टपाल खात्यातून निवृत्त, जात्याच किरकिरा. माझी बायको नलू आणि मी त्याच दुसऱ्या मजल्यावर, त्या वळणाला लागून राहतो. आमचं दार थेट वळणावर आहे आणि ते आत उघडतं. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढची सगळी कथा त्या दारापाशी येऊन अडते.

लवूची बायको कालिंदी हसरी बाई होती. नवऱ्याच्या या कामाची तिला भीती नव्हती, उलट ती त्यावरून त्याला छळायची. "मला ताप आला तर माझ्या कपाळाला हात लावू नका हां," ती गॅलरीत सगळ्यांदेखत म्हणायची, "शेजारी पांढरे कपडे काढून ठेवतील." लवू लाजायचा. पण ते नुसतं थट्टेवारी राहिलं नाही. तिला साधा मलेरिया झाला तेव्हाही तो तिच्या खाटेपासून चार हात लांब बसला होता, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मग दोन हजार एकवीसचा एप्रिल आला. तेव्हा देशभर काय चाललं होतं ते कुणाला वेगळं सांगायला नको. माणसं सिलिंडर शोधत फिरत होती, टीव्हीवर दिवसरात्र चिताच चिता. आमच्या चाळीतून तीन आठवड्यांत नऊ जण गेले, आणि नवांपैकी एकालाही लवूच्या हातची गाठ मिळाली नाही. प्लास्टिकात बांधलेलं माणूस थेट दवाखान्यातून जायचं. लवू गॅलरीत येरझाऱ्या घालायचा. जिन्याखाली ठेवलेले त्याचे बांबू तसेच पडून होते.

एका सकाळी अकराच्या सुमारास, तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या खोलीत, कालिंदीला धाप लागली. अँब्युलन्स आली. स्ट्रेचर जिन्यात शिरेना म्हणून त्या दोन माणसांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. डोक्यापासून पायापर्यंत ते पांढरे पोशाख घातलेले, चष्म्यावर वाफ धरलेली, पायरी दिसत नव्हती त्यांना. त्यांनी लवूला बजावलं, जवळ येऊ नको. तो चार पायऱ्या मागे, हात पाठीमागे बांधून उतरत होता. मी हे सगळं दाराशेजारच्या खिडकीच्या फटीतून पाहत होतो.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची अडकली. पुढे जाईना, मागे येईना. आडवं बांधलेलं प्रेत असतं तर कठड्यावरून फिरवता आलं असतं. पण श्वासासाठी तडफडणाऱ्या बाईला पोकळीत कसं धरणार? मग त्यांतल्या एकाने माझं दार ठोठावलं. "साब, दरवाजा खोलो. कुर्सी अंदर लेके घुमाना है. दो मिनिट."

माझा हात कडीवर होता. आत नलू उभी होती, तिला मधुमेह आहे. मी स्वतःला तेव्हा हेच सांगत होतो की हे मी नलूसाठी करतोय. ती माझ्याकडे पाहत होती. त्याने तीनदा ठोठावलं. मी दार उघडलं नाही.

शेवटी त्यांनी कालिंदीला खुर्चीतून उठवलं आणि दोन्ही बाजूंनी धरून उरलेला सगळा जिना चालवत उतरवलं. बाईला उभं राहायचंही त्राण नव्हतं. तिसऱ्या मजल्यापासून गाडीपर्यंत बावीस मिनिटं लागली. त्यानंतर तीन दवाखाने फिरून झाले, चौथ्याच्या फाटकात ती गेली. डॉक्टर म्हणाले, पंधरा मिनिटांनी काही फरक पडला नसता. असेलही. लवूने मात्र ते आकडे कधी सोडले नाहीत. सहा आणि बावीस.

चौदा दिवसांनी तो खोलीबाहेर आला. जिन्याखाली गेला, बांबू बाहेर काढले आणि ते पाहत बसला. पुढे कधीतरी त्याने मला सांगितलं की त्या दिवशी त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. दोनशेच्या वर माणसं त्याने त्या जिन्यावरून खरचटू न देता उतरवली आणि त्यांतल्या एकालाही घाई नव्हती.

पुढच्या वर्षी, टाळेबंदीची दहशत सरल्यावर, तळमजल्यावरची एक म्हातारी वय होऊन गेली. रीतसर लवूला बोलवायला माणूस गेला. लवू म्हणाला, "मी बांधणार नाय. शिवाला शिकवतो, तो बांधेल." चाळीत गहजब झाला. शिवा तिसऱ्या मजल्यावरचा, लोअर परळला एका ऑफिसात कामाला, त्याला बुटाची नाडी धड बांधता येत नव्हती. लवूने त्याला शेजारी बसवून एकेक गाठ शिकवली, आणि जिना उतरायची वेळ आली तेव्हा स्वतः बाजूला झाला. लोक म्हणाले, बायको गेल्यापासून डोकं फिरलंय. मीही म्हणालो. मला ते सोयीचं होतं.

त्याचं डोकं फिरलं नव्हतं, पण त्याच्या पायांना भिंगरी लागली होती हे खरं. गोदामातून आला की तो जिन्यावर. मोजपट्टी, खडू आणि मोबाइलचं घड्याळ. पायरीची रुंदी, कठड्याची उंची, मीटरच्या पेटीपासून भिंतीपर्यंतचं अंतर. पायऱ्यांवर त्याच्या खडूच्या खुणा, आणि त्या पुसल्या म्हणून झाडूवालीशी त्याचं भांडण. कोकणातल्या त्याच्या वाडीला रस्ता नव्हता, बाळंतिणीला आणि साप चावलेल्याला बांबूला बांधलेल्या डोलीतून डोंगर उतरवायचे. "आमच्या गावात बांबू जित्या माणसासाठी होता," तो म्हणाला. "मुंबईत येऊन आपण तो मेल्यांना दिला." रविवारी दुपारी सगळी चाळ मटण खाऊन आडवी झालेली असताना हा ठाकठूक करत असायचा. मी दोनदा दार उघडून ओरडलो. तो म्हणायचा, "झालं, भाऊ, झालं," आणि पुन्हा ठोकायला लागायचा.

पहिली खुर्ची मोडली. दुसरी जड झाली. तिसरी मात्र जमली. आखूड बांबूंच्या जोडीत मांडवाच्या जाड कापडाची झोळी, पाठीला टेकायला फळी, छातीला पट्टा, पायाला आडवी दांडी. माणूस बसता राहील, धाप लागलेल्याला आडवं करावं लागणार नाही. चौघांनी धरायची. लवू, शिवा, हितेंद्र नावाचा बेस्टमधला कंडक्टर, आणि चौथी प्रिती. प्रिती तिसऱ्या मजल्यावरच्या अण्णांची सून, बँकेत नोकरीला, आणि सिलिंडर एका हाताने सरकवणारी.

पण त्यात बसणार कोण? तांदळाची पोती बसवून झाली. माणूस एकही तयार होईना. लवूने बांधलेल्या बांबूत पाय टाकायचा म्हणजे स्वतःहून जाऊन यमाच्या रांगेत उभं राहायचं, असंच सगळ्यांना वाटत होतं. प्रितीचे सासरे अण्णा तर बिथरलेच. ब्याऐंशी वर्षांचे, एकेकाळी गिरणीत जॉबर, आवाज अजून खात्यात माणसं हाकणाऱ्याचा. गॅलरीतून ओरडले, "मेल्या लवू, माका हात लावशीत तर बघ! मी मेलय काय तेव्हा ये!" चाळ हसली. लवू हसला नाही.

शेवटी प्रितीच झोळीत बसली, तिची बाजू शेजारच्या एका पोराने धरली. मोबाइलवर बोलत, एका हातात वडापाव धरून ती तिसऱ्या मजल्यावरून खाली निघाली, आणि सगळी चाळ गॅलरीत येऊन पाहायला लागली. मुलं टाळ्या वाजवत होती. त्या दिवशी थोडी भीती मोडली. पण खुर्ची दुसऱ्या मजल्याच्या वळणावर येऊन थांबली. चार माणसं आणि बसलेलं माणूस, तेवढी जागाच तिथे नव्हती. कालिंदी जिथे अडकली होती नेमकी तिथेच. प्रिती उतरली आणि चालत खाली गेली.

त्याच संध्याकाळी लवूने माझं दार वाजवलं. हातात मोजपट्टी.

"भाऊ, तुमचं दार आत उघडतं ना?"

"हो. मग?"

"उघडलं तर अडीच फूट मिळतील. खुर्ची आत घ्यायची, फिरवायची, बाहेर काढायची. दोन मिनिटांचं काम आहे."

दो मिनिट. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मी भांडलो असतो आणि सुटलो असतो. मी म्हणालो, दारात चपलांचं कपाट आहे. तो म्हणाला, सरकवता येईल. मी म्हणालो, नलूला धूळ चालत नाही. म्हणालो, आमचं घर म्हणजे सार्वजनिक रस्ता नाही. काय काय बोललो. तो ऐकून घेत होता, आणि त्याची नजर माझ्या कडीवर होती.

"बरं," तो म्हणाला आणि गेला.

त्यानंतर माझी झोप उडाली. दिवसाही चैन पडेना. जिन्यावर त्याची पावलं वाजली की मी पेपर बाजूला ठेवायचो. तो वर जायचा, खाली यायचा, वळणावर थांबायचा, पुटपुटत काहीतरी मोजायचा. दार न वापरता फिरवायचे सगळे प्रकार त्याने करून पाहिले. मी मनात म्हणायचो, एकदा मला शिव्या दे आणि मोकळा कर. तो द्यायचा नाही. नलूशी बोलून पाहिलं. ती म्हणाली, "कपाट मी एकटी सरकवू शकते. तुम्ही सांगा कधी." आणि भाजी निवडायला लागली. आमच्या लग्नाला एकेचाळीस वर्षं झालीत. इतकं कमी बोलून इतकं लागेल असं ती कधी बोलली नव्हती. तरी मी कपाट सरकवलं नाही. सरकवलं असतं तर त्या दिवशी ते सरकवता येत होतं, हे कबूल केल्यासारखं झालं असतं.

गेल्या मार्गशीर्षातला गुरुवार. दुपारचे साडेतीन. नलू पूजेची मांडणी करत होती. वर काहीतरी पडल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ प्रितीची हाक, "लवूकाका!" तिने डॉक्टरला हाक मारली नाही, अँब्युलन्सला नाही, आधी लवूला. तो रजेवर होता की नशिबाने घरी होता, मला माहीत नाही. शिवाही टाळेबंदीपासून घरूनच काम करायचा. हितेंद्रची पाळी संपली होती. धावपळ, बांबूंचा खडखडाट, आणि त्या सगळ्यावर अण्णांचा आवाज. "नको! माका ह्येच्यात नको! रे, मी अजून आसंय!"

"आसाच ना, म्हणूनच नेतोय," लवू म्हणाला. "अण्णा, गप बसायचं नाय. शिव्या द्या. मोठ्यांदी द्या. तुम्ही बोलताय तोपर्यंत मला कळतं मी कुणाला नेतोय."

हा त्याने घालून घेतलेला नवा नेम होता. खुर्चीतल्या माणसाने बोलत राहायचं. जिवंत आहोत हे उचलणाऱ्यालाही कळलं पाहिजे आणि बसलेल्यालाही.

आणि अण्णांनी शिव्या दिल्या. छातीत कळ, कपाळावर घाम, तरी लवूच्या सात पिढ्या त्यांनी अस्सल मालवणीत उद्धारल्या. तो आवाज पायरी पायरीने खाली येत होता. मधेच तो तुटायचा, आणि लवू ओरडायचा, "पुढे? अण्णा, पुढे काय?" मग पुन्हा सुरू. माझ्या डोक्यात मात्र दुसरंच ठोठावणं चाललं होतं. तीनदा. थांबून पुन्हा तीनदा.

मी उठलो. चपलांच्या कपाटाला असा धक्का दिला की ते आडवंच झालं. कडी काढली, दार भिंतीला टेकेपर्यंत उघडलं. नलूचे जोडे, माझे बूट, गणपतीत घेतलेली कोल्हापुरी, सगळं वळणावर सांडलं. मी गुडघ्यांवर बसून ते दोन्ही हातांनी आत ओढत होतो.

वर, पाच पायऱ्यांवर, लवू खुर्चीच्या मागच्या बाजूला होता. त्याने उघडं दार पाहिलं. क्षणभर त्याचा पाय थांबला.

"आत घे," तो हितेंद्रला म्हणाला.

ते चौघं अण्णांना घेऊन माझ्या घरात शिरले. नलूने मांडलेल्या चौरंगापासून वीतभर अंतरावर अण्णांचे पाय होते. अण्णांनी कलशाकडे पाहून हात जोडले आणि लगेच हितेंद्रला शिवी घातली, कारण त्याने चौरंगाला पाय लावला असता. खुर्ची फिरली, बाहेर पडली, खालच्या पायऱ्यांना लागली. शिव्या पहिल्या मजल्यावर गेल्या, मग चौकात, मग कुणीतरी थांबवून ठेवलेल्या टॅक्सीचं दार लागल्याचा आवाज आला. मी दारातच बसून होतो, मांडीवर एक कोल्हापुरी चप्पल घेऊन, आणि रडत होतो. लाज वाटली नाही.

साडेपाचच्या सुमारास लवू परत आला. गाडीतून दवाखान्यात सोडून, प्रितीला तिथे ठेवून. अण्णांना आत घेतलं होतं, वेळेत आणलंत म्हणाले होते. तो वळणावर थांबला. माझं दार उघडंच होतं.

"लवू," मी म्हणालो. अडीच वर्षं ठरवून ठेवलेली वाक्यं होती, एकही आठवेना. "त्या दिवशी मी आतच होतो. माझा हात कडीवर होता."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "खिडकीच्या फटीत तुमचा चष्मा दिसत होता."

"मग तू काही बोलला का नाहीस रे? एवढे दिवस?"

तो उंबऱ्यावर बसला. माझ्या दारात तो कधी बसला नव्हता. हातांना सुतळीचे वळ उठले होते.

"काय बोलणार? मी तिचा नवरा. चार पायऱ्या मागे उभा होतो. तुमचं दार आत उघडतं हे त्या दोघांच्या आधी मला ठाऊक होतं. हाक मारून म्हणालो असतो, तेंडोलकर, दार उघडा, तर तुम्ही उघडलं असतं. माझा आवाज टाळता आला नसता तुम्हाला. पण मी गप्प राहिलो. म्हटलं, मी तोंड उघडलं, हात लावला, तर ती जायची." तो हातांवरचे वळ चोळायला लागला. "ती वळणावर माझ्याकडे बघत होती, भाऊ. हात लावा म्हणून बघत होती. आणि माझे हात पाठीमागे बांधलेले."

खाली चौकात मुलं खुर्चीत बसायला भांडत होती. एकजण आजारी झाल्याचं सोंग करून मोठ्यांदा शिव्या देत होता, शिव्या अर्थात अण्णांच्याच.

लवूने त्यांच्याकडे वाकून पाहिलं. मग मोबाइल काढला.

"नऊ मिनिटं लागली," तो म्हणाला. "तुमच्या चपलांनी एक खाल्लं. कपाट तिकडे खिडकीखाली न्या."

"नेतो."

"आणि वहिनींना सांगा, चहा टाका. साखर जरा जास्त."

आत नलूने आधीच गॅस पेटवला होता. लवू पालव, ज्याने उभ्या आयुष्यात माणूस उतरवल्यावर कुणाच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं, तो माझ्या उंबऱ्यावर बसून फुंकर मारत मारत तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.